ऑफिसातली वर्गणी आणि आसपासची घरं: किट भरण्याआधी काय ठरवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत सव्वाशे माणसांची कंपनी. दरवर्षी दिवाळीआधी वर्गणी निघते, त्यातून किराणा किट बनतात आणि तुर्भ्याच्या एका वस्तीत वाटले जातात. गेल्या वर्षी वाटपाला झुंबड उडाली. काही घरांत दोन-दोन किट गेले, काही बायका तासभर उभ्या राहून रिकाम्या हाताने परतल्या. यंदा हे काम तुमच्या गळ्यात पडलंय आणि तुम्ही विचारताय: माणशी किती मागायचे, पगारातून कापता येतील का, किट द्यावेत की पैसे, घरं कशी निवडायची, आणि देणाऱ्यांना ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळेल का.

पाचही प्रश्न रास्त आहेत, फक्त चौथा पहिला यायला हवा. किट आधी तयार झाले आणि घेणारी माणसं नंतर शोधली, म्हणून झुंबड उडाली. रांग कितीही नीट लावली असती तरी उडालीच असती. टेम्पो वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला की गरज असलेला येतो, नसलेलाही येतो. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलाय किंवा एकटी कमावती बाई कामावर गेलीय, तिथलं मात्र कुणी येतच नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. कंपनीला सीएसआर, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकामावर खर्च करायचं कायद्याचं बंधन, लागू आहे का, एचआर आणि अकाउंट्सवाले कितपत हात देतील, ओळखीत भरवशाची संस्था आहे का, यावर बराच फरक पडतो. पंचवीस-तीस माणसांच्या ऑफिसला खालचा सगळा सरंजाम लागणार नाही. सव्वाशे माणसांना लागतो.

आधी स्वतःच्या इमारतीत बघा

गरजू कुटुंबं म्हटलं की नजर थेट वस्तीकडे जाते. पण तुमच्या मजल्यावर झाडू-पोछा करणाऱ्या ताई, गेटवरचे रक्षक, पॅन्ट्रीतला मुलगा, माल उतरवणारे हमाल हे बहुतेक त्याच वस्त्यांतून येतात: तुर्भे स्टोअर, दिघा, रबाळे, चिंचपाडा. ते ठेकेदाराचे कामगार, म्हणून कंपनीच्या ‘स्टाफ’मध्ये मोजले जात नाहीत आणि ‘बाहेरच्या गरजूं’मध्येही धरले जात नाहीत.

त्यांना किट देण्याआधी त्यांचं हक्काचं मिळतंय का ते बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, लागू होतो. त्यात कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. पावतीवर कपात दिसते, पण ठेकेदाराने ती भरलेलीच नसते, असं सर्रास होतं. कामगाराला त्याचा विमा क्रमांक माहीत आहे का, कार्ड चालू आहे का, घरच्यांची नावं त्यात टाकली आहेत का, एवढं तपासायला एचआरला अर्धा दिवस पुरतो. कार्ड चालू असेल तर वाशीच्या किंवा वागळे इस्टेटच्या विमा रुग्णालयात त्याचे आणि कुटुंबाचे उपचार होतात, शिवाय आजारपणात ठरावीक अटींवर ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. चाळीस हजारांचं ऑपरेशन वर्गणीतून करण्यापेक्षा हे कार्ड चालू करून देणं कधीही मोठं काम.

दुसरी गोष्ट बोनसची. २१,००० पर्यंत वेतन आणि वर्षात किमान ३० दिवस काम झालं असेल, तर किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने मिळायचा असतो. काही ठेकेदार कंपनीने दिलेल्या दिवाळी किटकडे बोट दाखवतात आणि ‘यंदाचं मिळालं ना’ म्हणून मोकळे होतात. त्यामुळे तुमचा किट हा बोनस नव्हे, हे ठेकेदाराला एचआरकडून लेखी कळवा. ठेकेदाराने वेतन, पीएफ किंवा ईएसआय बुडवलं तर जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे तुमच्या कंपनीवर येते. एवढं एक वाक्य पत्रात असलं की एचआर लवकर हलतं. आणि या लोकांना जे द्यायचं ते सुपरवायझरच्या हातून देऊ नका. उद्या तो त्याची परतफेड सुट्टीच्या दिवशी काम करवून मागतो.

घरं कोण सांगणार

वस्तीत तीन माणसांना खरी माहिती असते. आशा सेविकेला आजारपण आणि बाळंतपण माहीत असतं. अंगणवाडी सेविकेला सहा वर्षांखालची मुलं आणि त्यांची वजनं माहीत असतात. महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना कोणतं मूल महिनाभर आलं नाही आणि का, हे माहीत असतं. या तिघांपैकी किमान दोघांकडून स्वतंत्र नावं घ्या. दोन्हींत जी येतील त्यांच्या घरी आधी जा.

विचारताना ‘इथे गरीब कोण आहे?’ असं विचारू नका. तीनशे नावं मिळतील आणि तीनशेही खरी असतील. त्याऐवजी विचारा: ‘गेल्या सहा महिन्यांत कुठल्या घरातलं कमावतं माणूस गेलं, आजारी पडलं, की काम सुटलं?’ या प्रश्नाला पंधरा-वीस नावं येतात, आणि वर्गणीचा पैसा खरोखर फरक पाडतो तो याच घरांत. कायमची गरिबी तुमच्या दोन हजारांनी हटत नाही. अचानक कोसळलेलं घर मात्र दोन-तीन महिने टेकू मिळाला तर सावकाराच्या दारात जात नाही.

सेविका मानधनावर काम करतात आणि त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. त्यांच्याकडे परस्पर जाऊ नका, मुख्यसेविका किंवा नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत जा. त्यांच्याकडून फक्त नावं घ्या, वाटपाचं काम गळ्यात मारू नका. रुग्णाचं नाव तर त्याच्या संमतीशिवाय मागूच नये. क्षयरुग्णांना मदत करायची असेल तर त्यासाठी सरकारचीच ‘निक्षय मित्र’ योजना २०२२ पासून आहे. महापालिकेच्या क्षयरोग विभागाकडे कंपनी म्हणून नोंद करायची, ते संमती दिलेले रुग्ण जोडून देतात आणि तुम्ही किमान सहा महिने दरमहा पोषण आहार द्यायचा. मोठ्या माणसासाठी ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि किलोभर दूध पावडर किंवा शेंगदाणे, असा तो साधारण संच आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्या ऑफिससाठी हा सगळ्यात सोपा रस्ता मानतो. निवडीची कटकट नाही आणि मुदत ठरलेली.

स्थानिक राजकीय कार्यकर्त्यांना कळवा जरूर, न कळवलं तर वाटेत आडवे येतात. पण यादी त्यांच्याकडून घेऊ नका. त्या यादीत मतदार असतात, आणि मागाहून बॅनरवर फोटोही येतो.

नावं आली की घरी जा. दोघांनी जायचं, त्यात एक बाई हवीच. पंधरा मिनिटं पुरतात. हातात फॉर्म धरून बसू नका. माणसं फॉर्म बघून बोलतात. कमावतं कोण, भाडं किती आणि कधीपासून थकलंय, रेशन मिळतं का, मुलं कितवीत, दुकानाची उधारी किती, हे बोलण्यात काढा आणि बाहेर आल्यावर लिहा. आधारचा फोटो काढू नका. एकाच घरात दोनदा मदत जाऊ नये म्हणून वहीत आधारचे शेवटचे चार अंक पुरे.

सरकारी हक्काचं आधी मिळवून द्या

हा भाग कंटाळवाणा आहे आणि वर्गणीवाले हाच टाळतात. पण एका घरामागे सगळ्यात जास्त पैसा इथेच मिळतो.

प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतं, अंत्योदयला घरटी ३५ किलो. केशरी कार्ड आहे म्हणजे हे मिळतंच असं नाही. शहरी भागात वार्षिक ५९,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाची अट आहे आणि कुटुंबाची नोंद प्राधान्य गटात असावी लागते. नाक्यावर उभे राहणाऱ्या बऱ्याच मजुरांची कार्डं गावाकडची, जालना-परभणीची नाहीतर उत्तर प्रदेश-बिहारची. तेही धान्य इथल्या दुकानात उचलता येतं, पण ई-केवायसी झालेली हवी आणि गावातल्यांनी त्या महिन्याचं आधीच उचललेलं नको.

वडील गेलेल्या किंवा सोडून गेलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. दर मुलाला महिना २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. दोन मुलं असली तर वर्षाला ५४,००० झाले. तुमचे पस्तीस किट या रकमेत येतात! तरीही योजनेचं नावही न ऐकलेल्या आया वस्तीत भेटतील. निराधारांसाठी संजय गांधी योजनेचे १,५०० रुपये आहेत, पण तिची उत्पन्नाची अट २१,००० रुपये वार्षिक इतकी तोकडी आहे की दाखला मिळवतानाच लोक गळतात.

अडतं ते दाखल्यांवर. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे तालुक्यात मोडते, म्हणजे तहसीलचं काम ठाण्याशी. खारघर-कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाच बदलला, रायगड. ऑफिसमधल्यांना हा फरक माहीत नसतो आणि माणसाला चुकीच्या ठिकाणी पाठवलं जातं. नाक्यावरच्या मजुराचा एक हेलपाटा म्हणजे एक रोज बुडाला. म्हणून आमच्याकडे ‘हेलपाट्याचा खर्च’ असा वेगळा खाना ठेवतात: बुडालेला रोज, प्रवास, झेरॉक्स, सेतू केंद्राचं शुल्क. घरामागे हजार-दीड हजार. देणगीदारांना हा खाना पचायला जड जातो, कारण फोटोत काहीच दिसत नाही. तरी ठेवा.

उपचाराची मागणी आली तर पैसे काढण्याआधी दोन ठिकाणी विचारा. एक, रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का. २०२४ पासून राज्यातली सगळी रेशनकार्डधारक कुटुंबं त्यात आली आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’चं टेबल असतं, तिथे दाखल होतानाच नोंद करायची. बिल झाल्यावर गेलं की काही उपयोग नाही. दोन, रुग्णालय धर्मादाय आहे का. धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. हे दोन्ही दरवाजे बंद निघाले तरच वर्गणी. आणि तीही रुग्णालयाच्या खात्यात, पावती घेऊन.

किट द्यायचाच असेल तर

दिवाळीला काहीतरी हातात द्यावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. फक्त रेशनवर गहू-तांदूळ मिळत असलेल्या घराला पुन्हा १० किलो गहू देऊ नका. तो गहू दुकानात अर्ध्या भावाने परत जातो. रेशनवर जे मिळत नाही ते भरा. पाच माणसांच्या घराला महिनाभर पुरेल असा संच साधारण असा:

तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूगडाळ १ किलो, तेल ३ लिटर, साखर २ किलो, शेंगदाणे १ किलो, पोहे १ किलो, चहा पाव किलो, मीठ १ किलो, हळद १०० ग्रॅम, मिरची पावडर २०० ग्रॅम, अंगाचे साबण ४, कपड्यांचा साबण किलोभर, सॅनिटरी पॅडची २ पाकिटं.

डाळ-तेलाचा भाव हलता असतो, पण हे पंधराशे ते सोळाशेत बसतं. दिवाळीचं म्हणून रवा, बेसन एकेक किलो आणि अर्धा लिटर तेल वाढवा. तयार फराळ देऊ नये असं माझं मत आहे. खोक्यातला चिवडा वस्तीत पोहोचेपर्यंत सादळतो आणि त्या पैशात घरात चौपट होतं.

भरताना काय बिघडतं ते सांगतो. हा संच तेरा किलोंच्या आसपास जातो. एका पिशवीत भरला तर बंद तुटतो, म्हणून दोन कापडी पिशव्या: एकीत डाळ, साखर, मीठ असं जड कोरडं, दुसरीत तेलाच्या पिशव्या उभ्या आणि बाजूने साबण. साबण पोह्यांच्या किंवा चहाच्या पिशवीत टाकलात तर दोन दिवसांत चहाला साबणाचा वास लागतो. आणि ही हमखास होणारी चूक आहे, कारण हलकं सामान एकत्र भरायची हाताला सवय असते. तेलाच्या पिशव्या आदल्या दिवशी कागदावर पालथ्या ठेवून गळती बघा. शंभरात दोन-तीन तरी गळक्या निघतात.

एपीएमसीच्या दाणा बंदरातून घाऊक घ्यावं का? चाळीस किटच्या आत नको. तिथे माल ३० नाहीतर ५० किलोच्या कट्ट्यात मिळतो, मग वजन करून पुड्या बांधायला माणसं लागतात आणि वजनात पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झालं की कुरबूर होते. बंद पाकिटं घ्या. वस्तीजवळच्याच किराणावाल्याला एकत्र ऑर्डर दिली तर भावही बरा देतो आणि फुटकं-गळकं बदलूनही देतो.

त्याहून बरा पर्याय म्हणजे त्याच किराणावाल्याकडे घराच्या नावाने पंधराशे रुपये जमा ठेवायचे. बाई तिला हवं तेव्हा हवं ते नेते. लहान बाळ असेल तर दूध, नाहीतर औषधी साबण. यात एकच मेख आहे: दुकानदार आधी जुनी उधारी वळती करून घेतो. त्यामुळे ‘ही रक्कम जुन्या बाकीत धरायची नाही, तंबाखू-गुटखा द्यायचा नाही, महिनाअखेर घरवार बिल द्यायचं’ असं त्याच्याकडून लिहून घ्या, आणि पहिल्या महिन्यात दोन घरांना जाऊन विचारा. नकार देणारा दुकानदार परवडला, मान्य करून वळती करणारा नको.

वाटप एका जागी नको, घरपोच द्या. वस्तीत जागा आणि वेळ जाहीर करू नका. यादीतल्या घरांना आदल्या दिवशी फोन, रविवारी सकाळी आठ ते अकरा, कारण बाकी दिवशी माणसं सातच्या आत कामाला गेलेली असतात. वहीत सही किंवा अंगठा. दिवाळीच्या आठवड्यात गावी गेलेल्यांची घरं बंद असतात, तेव्हा वसुबारसेच्या किमान दहा दिवस आधी सगळं पोहोचलेलं हवं. फोटो हवाच असेल तर ऑफिसात किट भरतानाचा काढा, घेणाऱ्याचा नको. व्यवस्थापन हट्ट धरेल, कारण त्यांना वार्षिक अहवालात टाकायचा असतो. तरी नाही म्हणा. त्या बाईची मुलगी तुमच्याच कुणाच्या मुलाच्या शाळेत असू शकते.

जुने कपडे घेऊ नका. निवडायला माणसं नाहीत, ठेवायला जागा नाही, आणि अर्धे फेकायच्याच लायकीचे निघतात.

किटपलीकडे: नववी-दहावी

वर्षात एकच कामाची गोष्ट करायची ताकद असेल तर ती ही करा. पाठ्यपुस्तकं सरकारी शाळेत आठवीपर्यंत मोफत मिळतात. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली, खासगी शाळेत गेलेल्या मुलाची फीसुद्धा आठवीपर्यंतच माफ असते. नववीला दोन्ही थांबतं आणि नेमकी तिथेच मुलं, विशेषतः मुली, गळतात. पहिली-दुसरीच्या मुलांना दप्तरं देणारे शंभर भेटतात, कारण लहान मुलं फोटोत गोड दिसतात. नववीच्या मुलीला पुस्तकांचा संच, डझनभर लाँग बुक, बूट आणि बसभाडं देणारं कुणी नसतं.

हा खर्च जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. म्हणजे पैसे मेमध्ये हातात हवेत, दिवाळीत नव्हे. वह्या मेमध्ये घाऊक घ्या. बूट मात्र मापाचे, मुलाला दुकानात नेऊनच. दहावीची परीक्षा फी शाळा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरून घेते, ती थेट शाळेत भरायची. याच कारणासाठी मी एकरकमी दिवाळी वर्गणीपेक्षा महिन्याच्या वर्गणीच्या बाजूने आहे.

पैसे: किती, कसे, कुणाकडे

सव्वाशे जणांकडून दिवाळीला ५०० घेतले तर साडेबासष्ट हजार होतात, आणि तेही सगळ्यांनी दिले तर. पन्नास जणांनी महिना २०० दिले तर वर्षाला १ लाख २० हजार, आणि ते जून, ऑक्टोबर, कुणाचं आजारपण अशा वेळी हाताशी असतात. म्हणून १००, २०० आणि ५०० असे तीनच आकडे ठेवा. त्याहून वरचा आकडा छापू नका, नाहीतर वरिष्ठांचा आकडा बघून कनिष्ठ अवघडतात. कुणी किती दिले याची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, सूचनाफलकावर तर नाहीच. साहेबांनी टेबलाटेबलावर जाऊन वर्गणी मागणं ही आडून केलेली सक्तीच असते. मागायला त्यांच्या हाताखाली नसलेला माणूस पाठवा.

पगारातून कापायचा मोह टाळा. वेतनातून कशाकशासाठी कपात चालते याची कायद्यात ठरावीक यादी आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या निधीसाठी लेखी संमतीने कपात चालते, ऑफिसच्या वर्गणीचा त्यात उल्लेख नाही. त्यापेक्षा प्रत्येकाने नेटबँकिंगमधून संस्थेच्या खात्यावर दर महिन्याच्या ५ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन टाकावी, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप जाते. थांबवायचं झालं तर कुणाला सांगावं लागत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण.

पैसे तुमच्या स्वतःच्या बचत खात्यात घेऊ नका. पन्नास जणांचे यूपीआय दरमहा येऊ लागले की बँक विचारते, आणि तुम्ही नोकरी सोडलीत की हिशेब लटकतो. नोंदणीकृत संस्थेत थेट द्या. संस्था निवडताना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन, १२ए (संस्थेला स्वतःला मिळणारी आयकर सूट) आणि ८०जीची चालू मान्यता, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद बघा. कंपनी सीएसआरमधून भर घालणार असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणीही लागते. मग एक पानाचं पत्र करा: ही रक्कम अमुक वस्तीतल्या कुटुंबांसाठीच, संस्थेचा प्रशासकीय खर्च ५ ते १० टक्के, दर तीन महिन्यांनी खर्चाचा तक्ता. शून्य टक्के प्रशासकीय खर्च सांगणाऱ्या संस्थेपासून जरा सावध. घरी जाणाऱ्या माणसाला पगार कुठून देतात हे विचारा.

ऑफिसबाहेर, सोसायटीत किंवा बाजारात मागायला निघालात तर प्रकरण बदलतं. नोंदणी नसलेल्यांनी लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाला कळवून परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच, कलम ४१क ची.

८०जीबद्दल कुणाला आश्वासन देऊ नका. सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, तीत ही वजावट नाही. जुनी निवडली असेल तरी २,००० च्या वरची रोख देणगी आणि वस्तूरूपातली देणगी, म्हणजे तुमचे किट, धरली जात नाही. साधी पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरल्यावर निघणारं १०बीई प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी देणाऱ्याचा पॅन संस्थेकडे हवा. संस्थेची विवरणाची मुदत ३१ मे असते, म्हणून एप्रिलमध्येच पॅनची यादी तपासून घ्या. एक अंक चुकला की जूनमध्ये तुमच्याच टेबलाशी रांग लागते. थेट कुटुंबाला दिलेल्या पैशावर कुणालाच सवलत नाही.

सीएसआरचं एवढंच: निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक असेल तर कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. कर्मचाऱ्यांची वर्गणी त्या २ टक्क्यांत धरता येत नाही, आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआर ठरत नाही. ‘तुम्ही जेवढे द्याल तेवढे कंपनी घालेल’ असं व्यवस्थापनाकडून मिळवता आलं तर जरूर मिळवा, पण लेखी आणि कमाल रकमेसह.

निर्णय कोण घेणार

तीन माणसं पुरेत: एक शॉप फ्लोअरवरचा, एक बाई, एक अकाउंट्सचा. एचआर प्रमुख त्यात नको, लोक मोकळेपणी बोलत नाहीत. एका प्रकरणाला १०,००० ची मर्यादा, उपचाराला १५,०००, आणि उत्तर ४८ तासांत, मग ते नकाराचं का असेना. थकलेलं भाडं दोन महिन्यांपर्यंतच, घरमालकाच्या खात्यात, कोणत्या महिन्याचं ते नोंदीत लिहून. वहीत नावाऐवजी क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा हे फक्त या तिघांना माहीत. समितीतल्या कुणाच्या नातेवाइकाचं प्रकरण आलं तर त्याने त्या दिवशी बाहेर बसायचं. जमलेल्या रकमेतला चौथा हिस्सा कायम राखीव, त्याला दिवाळीतही हात लावायचा नाही.

नकार देताना कारण सांगा आणि शक्य असेल तर दुसरा दरवाजाही सांगा. ‘बघतो, कळवतो’ म्हणून ठेवलं की माणूस तीन आठवडे तुमच्या भरवशावर बसतो.

यंदाचा प्रश्न राहिला. दिवाळीला सहा-सात आठवडे असतील तर मासिक वर्गणी लगेच उभी राहणार नाही, आणि घाईने संस्थाही निवडू नका. या वर्षी चाळीस घरांवर थांबा. पहिल्या आठवड्यात ठेकेदाराच्या कामगारांचे ईएसआय आणि बोनस तपासा, दुसऱ्यात आशा, अंगणवाडी आणि शाळेकडून नावं, तिसऱ्या-चौथ्यात घरभेटी, पाचव्यात किराणावाल्याकडे ऑर्डर. घरभेटींत ज्यांची कागदपत्रं अडलेली दिसतील त्यांची वेगळी यादी करा. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी काम त्या यादीपासून सुरू होईल. २०० रुपयांच्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचा कागद टेबलांवर फिरवायचा तो जानेवारीच्या पगाराच्या दिवशी. दिवाळीच्या खर्चातून माणसं तेव्हा सावरलेली असतात आणि जूनला पाच महिने हातात राहतात.